गाण्यात गेलेला माणूस

रुखमाच्या लेकीचं, नलूचं लग्न जमलं ते सत्याहत्तर साल. चैत्र होता. हळद वाटून ठेवली होती, आणि लावता येत नव्हती.

"पहिले घरातल्या माणसाले वाटेले लावा," होणारा व्याही नत्थूजी म्हणाला. "मंग पोरगी आमची."

घरातला माणूस म्हणजे रुखमाचा नवरा, टिकाराम. ठेकेदाराबरोबर बांबू तोडायला पार चांद्याच्या पलीकडं गेला होता. टोळीतले सगळे परत आले, तो आला नाही. कोणी म्हणे नदीत गेला, कोणी म्हणे वाघानं नेला. पावसाळ्यामागून पावसाळे गेले.

बोरच्या जंगलाला लागून गोंडांच्या थोड्या घरांचा तो टोला. तिथं मेलेला माणूस गाण्यात जाई. गोंडांचा भाट, परधान अण्णाजी, तारांची किंगरी घेऊन येई आणि कुळाचं गाणं गोंडीत गाई. गाणं म्हणजे वाट होती. कुळ कोणत्या डोंगरावरून उतरलं, कोणत्या नाल्याला उन्हाळ्यातही पाणी राहतं, कोणत्या साजाच्या झाडाखाली देव बसले, सगळं त्यात होतं. आणि त्या वाटेवर जागोजाग कुळाचे मेलेले उभे. आधी गेलेला पुढं, नंतरचा त्याच्या पाठीकडं बघत मागं. जिवंत माणसाचं नाव त्यात घेत नसत. मेलेल्या नवऱ्याचं नाव द्यायचं ते त्याच्या बायकोनं.

अण्णाजीनं किंगरी मांडीवर घेतली. "बोल बाई. गेला?"

सासू भागीरथा भिंतीला टेकून बसली होती. तिनं सुनेकडं पाहिलं नाही.

"गेला," रुखमा म्हणाली.

"कुठं उभा करू?"

"खोऱ्यातल्या झऱ्यापाशी. तिथं सावली हाये."

अण्णाजी गायला. संध्याकाळी नलूला हळद लागली. रुखमाला रडू आलं नाही. बायकांना वाटलं, लग्नाच्या घाईत राहून गेलं असेल.

पुढच्या वर्षी भागीरथा गेली. मरताना म्हातारी निवांत होती. "टिका हाये ना पुढं," म्हणायची. "मले अंधारात दिसत नाई, पन त्याची पाठ मी वयखतो." अण्णाजीनं तिचं नाव तिच्या मुलाच्या मागं घेतलं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात टिकाराम आला.

भर दुपारी अंगणात येऊन उभा राहिला. केस पिकले होते, एक पाय ओढत होता. "रायपूरकडं होतो," म्हणाला. "भट्टीवर. सोडत नोयते." एवढंच. रुखमानं त्याला पाणी दिलं. आता काहीतरी वाटायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. वाटलं नाही.

लोक जमले. अण्णाजीला बोलावणं गेलं.

"घातलं तसं काहाडून टाका नाव," शेजारची शोभाबाई म्हणाली. "तांदुयातला खडा काहाडते तसं. त्यात काय हाये एवढं?"

"खडा नाई वो तो," अण्णाजी म्हणाला. "जोडता येते. काहाडता येत नाई. वाट तुटते." मग तो टिकारामकडं वळला. "तुयी माय तुयाच मागं उभी हाये, बाबू. तू निंघाला, तर तिनं कोनाच्या पाठीकडं पाहावं?"

"माय गेली?" टिकारामनं विचारलं.

तो खाली बसला. दुखरा पाय हातानं सरळ केला.

"राहू द्या मले तिथंच," तो म्हणाला.

रुखमानं ते ऐकलं. ती उठून चुलीकडं गेली, कारण आधण उकळत होतं.

तो टोल्याच्या कडेला झोपडी घालून राहिला. लोकांच्या बकऱ्या चारू लागला. हाक मारायला नाव नव्हतं, म्हणून लोक त्याला पाहुणा म्हणू लागले. मग रुखमाही म्हणू लागली.

"पाट लाव ना वो पाहुन्यासंग," शोभाबाई एकदा म्हणाली.

"कुय कोनतं सांगू त्याचं?"

कुळ टिकारामचं होतं, आणि टिकाराम गाण्यात गेलेला. कुळ विचारल्याशिवाय गोंडात विधवेचा पाट, तिचं दुसरं लग्न, लागत नाही.

मेलेल्यासाठी भाकर दाराबाहेर ठेवायची रीत होती. रुखमा रोज पळसाच्या पानावर भाकर ठेवी आणि आत जाऊन दार ओढून घेई. त्याला कोणी हरकत घेतली नाही. थोड्या वेळानं पान रिकामं असे. दोघांत बोलणं असं झालंच नाही.

चौऱ्याऐंशीच्या भादव्यात पाहुणा तापानं गेला. अण्णाजी आला आणि किंगरी बाजूला ठेवून नुसता बसला. "याचं नाव घेऊन झालं," म्हणाला. टिकाराम झऱ्यापाशी उभा होता. पाहुण्याला उभं राहायला कुठंच जागा नव्हती. लोकांनी त्याला माती दिली आणि घरी गेले. रुखमानं त्या दिवशी अंगण सारवलं.

पुढं तिनं अंथरूण धरलं तेव्हा नलू सासरहून, हिंगणीहून आली. आईच्या पायाला हात लावला तर पाय गार होते.

"अण्णाजीले निरोप धाडू काय वो, माय?"

"नको."

"काऊन? गाण्यात नाई गेली तर भटकत राहशीन."

"तो एकटाच भटकून राह्यला ना," रुखमा म्हणाली.

अण्णाजीला कोणी बोलावलं नाही. रुखमा कुमरे एकोणीसशे शहाऐंशी साली, माघ महिन्यात वारली.