पंधरा डबे आणि नव्वद दिवस

“कुदळीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही,” नर्सरीवाल्याने बजावले.

त्याची वहिनी दोन पावले मागे सरकली. शेजारी मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघराच्या मॅनेजरबाई उभ्या होत्या. तिथून रोज हजारभर रुग्णांचे जेवण प्लॅस्टिकच्या डब्यांतून जायचे, आणि संध्याकाळी ते सगळे डबे कचऱ्यात. वहिनी उसाच्या चिपाडाचे डबे बनवायची. नव्वद दिवसांत मातीत मिसळतात, असे तिचे म्हणणे. बाईंना ते डोळ्यांनी बघायचे होते.

जागाही वहिनीनेच सुचवली होती. “माझ्या दिरांच्या नर्सरीत पुरा. माझी बाजू घेऊन ते चुकूनही बोलणार नाहीत.” तिने डब्यांचा गठ्ठा पाठवला. त्यातले पंधरा बाईंच्या समोर पुरले गेले, उरलेले नर्सरीतच राहिले. आज नव्वद दिवस पुरे झाले होते.

नर्सरीवाल्याच्या थोरल्या भावाने आपल्या वाट्याची अर्धी नर्सरी विकून बायकोला डबे बनवायचे यंत्र घेऊन दिले होते. वर्षभरात तो गेला. विकलेल्या जागेवर गोदाम उभे राहिले. तेव्हापासून दीर-भावजयीत सरळ बोलणे नव्हते.

पण नर्सरीवाल्याच्या शब्दाला वजन होते. गेली वीस वर्षे तो वाफ्यांतून चमचे, दुधाच्या पिशव्या, खाऊची चकचकीत पाकिटे वेचत होता. माती चाळून चाळून बोटांना भेगा पडल्या होत्या.

“मी घरी पुरून बघितलेत, भाऊजी,” वहिनी म्हणाली. “दोन महिन्यांत नामोनिशाण उरलं नव्हतं.”

“तुमच्या घरात काय काय मातीत गेलं, ते ठाऊक आहे मला.”

बाई उगाचच घड्याळ बघू लागल्या.

चौथ्या घावाला पांढरी कड दिसली. त्याने वाकून डबा उपसला, झटकला आणि बाईंच्या हातात दिला. ओलसर, मळलेला, पण कोपरे शाबूत. मग दुसरा. तिसरा. पंधराच्या पंधरा निघाले.

वहिनीने एक डबा दोन्ही हातांनी दाबून बघितला. “असं होणारच नाही.”

“मातीला विचारा. ती कुणाची भीड ठेवत नाही.”

“बाई, एकदा परत पुरू या. बारा बायका आहेत माझ्याकडे कामाला. तुमच्या भरवशावर दुसरं काम सोडलंय.”

“नको,” बाई म्हणाल्या. “प्लॅस्टिक निदान प्लॅस्टिक म्हणून तरी विकतात. आहे तेच चालू ठेवते.”

नर्सरीवाल्याचा हात क्षणभर थबकला. मग त्याने खड्डा बुजवायला घेतला.

फाटकापाशी वहिनी वळली. “यंत्र मी मागितलं नव्हतं, भाऊजी. त्यांनीच हट्टाने घेतलं.”

तो खड्ड्यात माती लोटत राहिला.

दुपारी तो जेवायला घरी गेला. बायकोने ताट घेतले.

“जाऊबाई रडत गेल्या म्हणे.”

“डबे जसेच्या तसे निघाले. बाईंनी स्वतः बघितले.”

वाढता वाढता ती थांबली.

“पण गेल्या सोमवारी तुम्ही डब्यांचा खड्डा उकरलात तेव्हा घमेलं मीच धरलं होतं ना? त्यात तर नुसती माती होती.”