खुळखुळे आणि झांजा

खुळखुळा केतकीच्या उजव्या बाजूला होता, तरी तो घ्यायला दहा महिन्यांची ती पोर आई सुनीतीच्या कडेवर कमरेतून वळली आणि तिने डावा हात पुढे केला. उजवी मूठ मिटलेलीच राहिली.

"डावखुरी आहे आमची ठकू. आजोबांवर गेलीय," सासूबाईंनी खेळणीवाल्याला कौतुकाने सांगितलं.

हे वाक्य ऐकून ऐकून सुनीती थकली होती; आणि हल्ली विचारणाऱ्यांना ती स्वतःही तेच सांगायची.

"वहिनी, परत खुळखुळाच?" खेळणीवाला हसला. "घरी दुकान काढताय की काय? या छोट्या झांजा न्या आता."

झांजांना दोन हात लागतात. म्हणूनच दर खेपेला सुनीती त्या पाहून खाली ठेवायची. आज तिने केतकीला काउंटरवर बसवलं आणि तिच्या एकेका हातात एकेक झांज दिली. डावीकडची केतकीने गच्च धरली, हवेत हलवली. उजवीकडची मिटल्या मुठीवरून घसरून फरशीवर पडली. सुनीतीने ती उचलून पुन्हा दिली. ती पुन्हा पडली. केतकीने तिकडे पाहिलंही नाही.

"लहान आहे गं अजून," सासूबाई म्हणाल्या. "खुळखुळाच घे."

सुनीतीने ती मिटलेली मूठ आपल्या हातात धरली.

"आई, इतक्या लहानपणी मूल डावखुरं नसतं. तिचा उजवा हात चालत नाहीये. इथून आपण सरळ डॉक्टरांकडे जातोय."