सुखरूप पोहोचलो

ऑफिसच्या कामाला चाललोय असं सांगून नवरा सकाळी दहाच्या विमानाने निघाला. ते शहर एवढं लांब, की विमानालासुद्धा चार तास लागतात.

बाराच्या सुमारास त्याचा फोन आला. भाजी निवडता निवडता तिने तो स्पीकरवर टाकला.

"सुखरूप पोहोचलो गं! हॉटेलवर आलोसुद्धा."

त्याच्या मागे एक बाई खुदकन हसली.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. आवाज मात्र तिने गोडच ठेवला. "बरं झालं. सावकाश ये, इकडची काळजी करू नकोस."

समोर बसलेल्या सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्या उठल्या, हात धुतले, पदराला पुसले आणि सुनेला म्हणाल्या,



"किल्लीवाल्याला बोलाव. घर माझ्या नावावर आहे. नव्या कुलपाला किल्ल्या दोनच करायच्या."