पूर्वेचा काठ

"पालखी इथनं पाण्यात न्यायची नाही," म्हणत उत्तरेश्वर काठावर आडवे उभे राहिले.

हलगी थांबली. दसऱ्याच्या सकाळी बिरोबाला गावतळ्यात न्हाऊ घालायची रीत. बाया गात होत्या, 'देव न्हायाला निघाला, वाटं सांडली हळद'. त्याही गप्प झाल्या.

"का वं, तात्या?" पुढचा दांडा वैजनाथच्या खांद्यावर होता.

"उन्हाळ्यात तळ्यातला गाळ काढलाय. खाली खड्डे असतील. पूर्वेच्या काठानं न्या, तिकडं उतार सरळ आहे."

माणसांनी एकमेकांकडं पाहिलं. पूर्वेचा काठ म्हणजे कुमारचं रान, आणि कुमार उत्तरेश्वरांचा सख्खा धाकटा भाऊ. ज्याच्या रानातनं देव पाण्यात उतरतो, देवावर पहिला तांब्या ओतायचा मान त्या घराचा. आजवर तो मान वैजनाथच्या घराचा.

"आलं ध्यानात," वैजनाथ म्हणाला. "नेव्हीची पेन्शन खाऊन झाली, आता मान खायचाय."

तळ्याच्या मध्यावर एक म्हैस पोटरीभर पाण्यात उभी होती. पाठीवर बगळा.

"म्हशीला कळतंय, कमांडरला न्हाय," मागून कुणीतरी बोललं. हशा झाला.

"ती उभी आहे तिथं उथळ असेल. काठापासून तिथवरचं कुणी पाहिलंय?" उत्तरेश्वरांचा आवाज चढला नाही. "एकाहत्तरच्या लढाईत आमचं जहाज असंच किनाऱ्याला लागलं. समोर वाळू दिसत होती. पहिला जवान उतरला. वर आली ती त्याची टोपी."

त्या दिवशी त्यांनी उडी टाकून बुडती माणसं ओढून काढली, त्याचं पदक त्यांच्या घरात आहे. पण गावानं समुद्र पाहिला नव्हता, आणि कुमारला पुरतं पाहिलं होतं.

वैजनाथनं दांडा दुसऱ्याच्या खांद्यावर दिला. "पालखी ऱ्हाऊ द्या. म्या एकटा जाऊन दावतो."

उत्तरेश्वरांनी काठावर पडलेला दोर उचलला. "जा. पण हा दोर कमरेला बांधून."

"बांधा. बैल समजून बांधा."

तो म्हशीच्या रोखानं निघाला. घोटा, पोटरी, गुडघा. मग वळून त्यानं दोन्ही हात पसरले.

"बघा की, कुठाय तुमचा..."

पाणी त्याच्यावर मिटलं.

दोर सरसर गेला. उत्तरेश्वरांनी टाचा रोवल्या. हसणारे धावले, पालखी टेकवून भोई धावले, सगळं गाव दोराला लागलं. वैजनाथ वर आला तो काळा चिखल ओकतच.

त्याच्या आईनं, इरम्मानं, पदरानं त्याचं तोंड पुसलं. मग ती उठली.

"गुडघाभरच खणायचं ठरलं हुतं गावाचं. हितं माणूस गडप हुईल एवढा गाळ कुणाच्या रानात गेला?"

उत्तरेश्वरांनी भावाकडं पाहिलं. कुमार बाजूला उभा होता. दोराला सगळ्यांचे हात होते; त्याचे कोरडे.

"कुमार, तुला ठाऊक होतं?"

"म्हणून तर काल तुमाला म्हणलं, दादा," कुमार हळू बोलला. "पालखी आपल्या काठानं न्या म्हणून सांगा. गाव तुमचं ऐकंल."

भोयांनी पालखी पुन्हा खांद्यावर घेतली. पण पाऊल कुठल्या काठाकडं टाकायचं, हे कुणी बोलेना.