सिंधूची फिर्याद

तालुक्याच्या स्टँडात नरसीची बस लागलेली होती. मागच्या जागा रिकाम्या होत्या. सिंधूनं पदर डोक्यावर ओढला, पिशवी काखेत धरली आणि बसकडं निघाली. नरसी तिचं माहेर. सासरा, मुंजाजी, सकाळी एवढंच म्हणाला होता, "लुगडं बदल, तालुक्याला जायाचंय." सासू चुलीपुढून उठलीसुद्धा नव्हती. आपल्याला माहेरी नेऊन सोडणार, हे सिंधूनं तेव्हाच ओळखलं होतं.

"तिकडं कुठं चाल्ली?" मागून मुंजाजी म्हणाला.

"बस लागली ना, मामा."

"आपल्याला ठाण्यात जायाचंय."

काठी टेकत तो रस्ता ओलांडूनही गेला. सिंधू क्षणभर तिथंच उभी राहिली. मग जवळजवळ पळतच त्याच्यामागं गेली.

ठाण्यात जमादार एकटाच होता. हिंगोली जिल्हा वेगळा होऊन दोन वर्षं झाली तरी भिंतीवर परभणी जिल्ह्याचाच नकाशा लटकत होता. सिंधूनं खाली बघत सांगितलं. सोमवारी दुपारी ती रानात तुरीच्या शेंगा तोडत होती, बाजूच्या वावरात बाया कापूस वेचत होत्या. गावातला भुजंग मागून आला, त्यानं तिला खाली पाडलं. पुढचं तिनं एकाच वाक्यात सांगितलं आणि थांबली.

जमादारानं पेन उचललं नाही.

"आज शुक्रवार. चार दिवस काय करून राहिली व्हती?"

"कोणाला सांगावं ते कळंना."

"बांगड्या फुटल्या? कुठं खरचटलं?"

"न्हाई."

"बाजूच्या वावरात बाया कापूस वेचत व्हत्या म्हणती. मंग वरडली काहून न्हाई?"

सासूनं हेच विचारलं होतं, जावेनंही. नळावरच्या बायांनी तिला न विचारता आपसात विचारलं होतं. आणि सिंधू स्वतःलाही चार दिवस तेच विचारत होती.

"बाई राजी असल्याबिगर असं घडत न्हाई, बाबा," जमादार मुंजाजीला म्हणाला. आवाजात राग नव्हता. सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसा तो बोलला.

मुंजाजीनं घोंगडी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

"साहेब, तुमी लांडगा पाहिला का?"

"त्याचा काय संबंध?"

"चाळीस वर्सं मेंढरं राखून राहिलो. बकरी वरडते. मेंढरू वरडत न्हाई. लांडग्यानं नरडं धरलं की जागीच मुकं होतं. मी धा पावलांवर बसलेला असतो अन् मला पत्ता लागत न्हाई. आता मुकं ऱ्हायलं म्हणून ते काय आपल्या मनानं लांडग्यासंगं गेलं का?"

जमादारानं कागद पुढं ओढला.

"नवरा कुठं हाये हिचा? त्याला माहीत हाये?"

"प्रभू मेंढरं घेऊन लांबच्या मुलखात गेला. काल दुकानात त्याचा फोन आल्ता, तवा सांगितलं. म्हणला, मी निघालोच, पर माझ्यासाठी थांबू नका. तिला घेऊन ठाण्यात जा."

सिंधूनं मान वर केली.

"मामा, काल फोन आल्ता?"

"व्हय," मुंजाजी जरा ओशाळला. "तुला सांगायचंच राहून गेलं, पोरी."

सिंधूला एकदम रडू फुटलं. जमादारानं माठातलं पाणी आणून दिलं. ती प्याली, तोंड पुसलं आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा सांगितलं. भुजंगचं नाव, त्याच्या बापाचं नाव, वार, वेळ. या खेपेला ती खाली बघत नव्हती. जमादार लिहीत होता.

दवाखान्यातली तपासणी उरकून ते परतीच्या बसमध्ये चढले तेव्हा ऊन कललं होतं. मुंजाजीला पुढं जागा मिळाली. सिंधूला मिळाली ती सोजराबाईच्या शेजारी. सोजराबाई त्यांच्याच गल्लीतली. चार दिवस तिनं सिंधूच्या नजरेला नजर दिली नव्हती.

"कुठं गेल्ता सासरा-सून?" तिनं विचारलं.

बाजारला, असं सांगता आलं असतं.

"ठाण्यात," सिंधू म्हणाली. "भुजंगच्या नावानं फिर्याद दिली." बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, तिनं आवाज खाली घेतला नव्हता. छातीवरचा धोंडा कुणी उचलून बाजूला ठेवावा तसं तिला वाटलं.

सोजराबाईनं टोपली मांडीवर घेतली. बस गावाबाहेर पडली तरी ती खिडकीतून बाहेरच बघत होती.

"लिवून घेतली त्यायनं?"

"घेतली."

"काई विचारलं न्हाई?"

"लई विचारलं. पर लिवून घेतली."

सोजराबाई तिच्या कानाशी वाकली.

"माझ्या लेकीला, रागिणीला... भुजंगच. दोन वर्सं झाली. आता घेतील का लिवून?"

सिंधूनं पुढं बसलेल्या सासऱ्याकडं पाहिलं. तो काठीवर हनुवटी टेकून डुलक्या घेत होता. तिनं त्याला उठवलं नाही.

"मी येते संगं," ती म्हणाली.