पान उलटताना

लाइपझिगच्या संगीतशाळेत फोल्कमार आणि आडेलबर्ट एकाच बाकावर शिकले. आता आडेलबर्ट सिंफनी रचायचा आणि फोल्कमार तिच्यावरून वादकांच्या वह्या उतरवायचा. नव्या सिंफनीतली एकट्या बासरीची सुरावट उतरवताना त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. च्यायला, ही आपल्याला का नाही सुचली? वादकाचे हात मोकळे असतील तिथंच पान संपवायचं, हा त्याच्या धंद्यातला पहिला धडा. त्यानं मुद्दाम ऐन सुरावटीत पान संपवलं. तालमीत बासरीवाला मधेच अडला, पान उलटून पुढं वाजवू लागला. त्या शांततेनं ढोलवाल्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. “फोल्कमार, गाढवा!” आडेलबर्ट ओरडला. फोल्कमार मनातल्या मनात हसला. पण आडेलबर्ट पुढं म्हणाला, “अरे, हीच शांतता मी वर्षभर शोधत होतो! सगळ्या वह्यांत विराम घाल.” त्या दुपारी फोल्कमारनं आयुष्यातली आपली एकुलती एक रचना आडेलबर्टच्या नावाखाली चोवीसही वह्यांत उतरवून काढली.