पाण्याची चव

मास्क खाली करायचा नाही, हे हेमचंद्रने गेटवरच दोनदा बजावलं होतं. तरी फॅबियनने बोअरचा नळ सोडला, मास्क हनुवटीखाली ओढला आणि ओंजळ भरून घेतली.

"फॅबियन सर, प्लीज. ऑफिसचा नियम आहे."

"दोन डोस झालेत माझे. आणि मास्कमधून पाणी पिता येत असेल तर पिऊन दाखव तू."

हेमचंद्रने जमिनीच्या कागदांची फाइल काखेत मारली. जमीन विकायला उभ्या असलेल्या माणसाला एवढं गिळावंच लागतं. पहिल्या लॉकडाऊनमध्ये आयटीतली नोकरी गेली आणि तो शेतजमिनीचा एजंट झाला. इथे परदेशातही गिऱ्हाइकं बहुतेक आपलीच, मराठी. मराठी माणूस दहा प्रश्न जास्त विचारतो, हे त्याला आता पाठ झालं होतं.

फॅबियनने पाणी तोंडात घोळवलं आणि डोळे मिटून गिळलं. ही वसईच्या वाडीतली रीत. त्याच्या घरात कुणी कागद बघून जमीन घेतली नव्हती. आधी विहिरीचं पाणी चाखायचं, मग भावाचं बोलायचं. शहराच्या कडेचं, ट्रुगानिनाचं राहतं घर गहाण टाकून तो ही चाळीस एकर घ्यायला निघाला होता. रिटायर झाल्यावर इथे भाजी लावणार होता.

"गोड आहे," तो म्हणाला. "एकदम गोड. आण कागद."

"बेस्ट. पाण्याचा रिपोर्ट पुढच्या आठवड्यात येईलच, पण तोवर थांबू नका. दोन वर्षांत भाव दीडपट झालाय, सर. कोविडने शहरातली माणसं वेडी झालीत, ज्याला त्याला शेत पाहिजे. उद्या एक डॉक्टर बघायला येतायत."

फॅबियनची बायको विनिफ्रेड गाडीला टेकून उभी होती. दोन तासांच्या ड्राइव्हमध्ये ती अवाक्षर बोलली नव्हती. सकाळी चहाचा पहिला घोट घेऊन त्याने कप आपटला होता. जमीन नको म्हणून मुद्दाम बिनसाखरेचा चहा देतेस, म्हणाला होता. आता ती सावकाश आली, मास्क खाली करून तिने नळाखाली हात धरला. एक घोट घेतला आणि बाजूला थुंकला.

"खारट आहे."

"काय?"

"खारट. मिठाचं पाणी आहे हे. यावर साधी मेथी यायची नाही."

"काकू, बोअरचं पाणी थोडं जड असतंच," हेमचंद्र म्हणाला.

"मग तू चाख."

"मला नाही चालत. ऑफिसचा नियम."

फॅबियनचा चेहरा लाल झाला. "तुला जमीन नकोय, तर नकोय म्हण ना सरळ. सकाळी चहात साखर नव्हती, आता पाण्यात मीठ. परक्या माणसासमोर खोटं बोलतेस, लाज नाही वाटत?"

"माझ्या माहेरच्या विहिरीत खाडीचं पाणी शिरलं तेव्हा मी बारा वर्षांची होते. केळी उभी जळाली. मला खारट कळत नाही?"

"केळी तुझ्या बापाच्या आळसाने जळाली. सगळ्या आळीला माहीत आहे."

एवढं बोलून त्याने हेमचंद्रकडून फाइल आणि पेन घेतलं. कुंपणाच्या खांबावर फाइल टेकवली आणि पानं उलटू लागला.

विनिफ्रेड त्याच्याकडे बघत राहिली. तिला सणकून राग आला होता. मग एकाएकी तिच्या कपाळावर आठी पडली.

"साखर घातली होती मी," ती म्हणाली. "रोजच्यासारखी. दोन चमचे."

त्याने मान वर केली नाही. ती गाडीकडे गेली आणि डबा घेऊन आली. पहाटे तिने बोंबील भाजून लसणाची चटणी कुटली होती. भाजताना घरातला स्मोक अलार्म वाजला होता, आणि तरी गाडीत बसताना फॅबियनने विचारलं होतं, डब्यात काय आहे.

तिने झाकण काढून डबा त्याच्या नाकाखाली धरला.

तीन पावलांवर हेमचंद्रने मास्कवरून नाक दाबलं. "काकू, बंद करा ते, प्लीज."

फॅबियनने एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा डब्याकडे. मग वाकून श्वास घेतला. पुन्हा घेतला, जोरात. चिमूटभर चटणी जिभेवर ठेवली आणि चावत राहिला, कोरडी वाळू चावावी तशी.

पहिला हेमचंद्र मागे सरकला. सरकत सरकत आपल्या गाडीपाशी पोचला.

"सर, आपण नंतर बोलू. फाइल राहू द्या. पेनही ठेवा तुमच्याकडेच."

त्याची गाडी गेटमधून बाहेर पडली. फॅबियनने मास्क नाकावर चढवला आणि कुंपणाला धरून तो बायकोपासून लांब, पार कोपऱ्यापर्यंत गेला. त्याला भीती वाटत होती, आणि ती लपवायचं भानही उरलं नव्हतं. नळ अजून चालूच होता. पाणी मातीत चांगलं लांबवर पसरलं होतं.

"विनी," तिथूनच त्याने विचारलं, "पाणी खरंच कसंय गं?"

विनिफ्रेडने डब्याचं झाकण घट्ट लावलं, नळ बंद केला आणि मास्क वर ओढला.

"एकदा सांगितलंय," ती म्हणाली. मग गाडीचं मागचं दार उघडून ती मागच्या सीटवर जाऊन बसली, आणि तिने आपल्या बाजूची काच पूर्ण खाली केली.